झब्बू

पत्त्यांच्या बहुतेक खेळांत एक जण किंवा एक जोडी जिंकते आणि बाकीचे हरतात. झब्बू हा खेळ याच्या नेमका उलट आहे. त्यात एकच माणूस हरतो व बाकीचे सारे सुटतात. सुटलेल्यांत पहिला कोण आणि तिसरा कोण, याची नोंद कोणी ठेवीत नाही. परंतु अखेरीस हातात पाने घेऊन बसलेला जो एक उरतो, त्याचे नाव दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत घरात गाजत राहते. त्याला ‘गाढव’ ही पदवी मिळते आणि पुढच्या डावाची पाने पिसण्याचे काम त्याच्याकडे येते. अशा खेळांचे एक वेगळे कुळच आहे. आपला गुलामचोर त्याच कुळातला. जर्मनीत मुले ‘श्वार्झर पेटर’, म्हणजे काळा पेटर, खेळतात तोही त्यातलाच. आणि रशियात ‘दुराक’ या खेळात ज्याच्या हाती पाने उरतात त्याला सरळसरळ ‘मूर्ख’ म्हणतात. जिंकणाऱ्याचा सत्कार करण्यापेक्षा हरणाऱ्याला हसणे माणसाला अधिक आवडते, असा निष्कर्ष यावरून कोणी काढला तर त्याला विरोध करणे कठीण आहे.

सरकारी नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य बरीच वर्षे महाराष्ट्राबाहेर झाले. दिल्लीतील आमच्या वसाहतीत उन्हाळ्याच्या सुटीत संध्याकाळी पत्ते निघाले, की निरनिराळ्या प्रांतांची मंडळी भोवती जमतात, आणि मग असे दिसून येते की आम्ही ज्याला झब्बू म्हणतो तोच खेळ पंजाबी शेजाऱ्यांना ‘भाभी’ या नावाने ठाऊक आहे. केरळातील मित्र त्यालाच ‘कळुता’, म्हणजे गाढव, म्हणतात. नावे निराळी, नियम जवळजवळ तेच. त्यामुळे भाषांतराची गरज न पडता पहिला डाव सुरू होतो.

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पंजाबी कुटुंबातील एका मुलीने मला एक प्रश्न विचारला. आमच्या घरच्या कॅटमध्ये किलवरच्या तेराही पानांवर, चित्राच्या बाजूस, हिरव्या शाईचा एकेक ठळक ठिपका आहे. तो कशासाठी, असे तिने विचारले. त्याचे उत्तर खेळाच्या एका नियमाशी निगडित आहे. म्हणून प्रथम खेळ सांगतो.

झब्बूस ५२ पानांचा एक कॅट पुरतो. जोकर काढून ठेवावेत. भिडू तिघांपासून सात-आठांपर्यंत चालतात, परंतु खरी रंगत चार किंवा पाच जणांत येते. यात जोडीदार नाही, हुकूम नाही, बोली नाही. सर्व पाने वाटून टाकावयाची. पाच भिडू असतील तर दोघांना अकरा आणि तिघांना दहा पाने येतात. त्याबद्दल तक्रार करावयाची नसते. पानांचा मान नेहमीचाच : एक्का सर्वांत मोठा, नंतर राजा, राणी, गुलाम, दश्शी, असे उतरत उतरत दुर्रीपर्यंत.

ज्याच्याजवळ इस्पिकचा एक्का असेल त्याने तो टाकून खेळास आरंभ करावा. त्यानंतर प्रत्येकाने क्रमाने एकेक पान टाकावयाचे, आणि ते उतारीच्याच रंगाचे असले पाहिजे. सर्वांनी रंग पाळला, तर तो हात पुरा झाला. ती पाने पालथी करून बाजूला ठेवावयाची. ती पुन्हा खेळात येत नाहीत. ज्याचे पान सर्वांत मोठे, त्याने पुढची उतारी करावयाची.

मात्र मध्येच एखाद्याजवळ त्या रंगाचे पान नसले, तर तो आपल्या हातातले वाटेल ते पान टाकतो. यालाच ‘झब्बू देणे’ म्हणतात. झब्बू पडताच तो हात तेथेच थांबतो. मागाहून येणाऱ्यांनी पान टाकावयाचे नसते. तोपर्यंत उतारीच्या रंगाचे सर्वांत मोठे पान ज्याने टाकले असेल, त्याने झब्बूच्या पानासह सारी पाने उचलून आपल्या हातात घ्यावयाची, आणि पुढची उतारीही त्यानेच करावयाची. समजा, पहिल्याने चौकटची सत्ती उतरली, दुसऱ्याने चौकटचा राजा टाकला, आणि तिसऱ्याजवळ चौकट नसल्यामुळे त्याने बदामचा एक्का टाकला. आता राजा टाकणाऱ्याने तिन्ही पाने उचलावयाची. उतारी त्याची नव्हती, झब्बूही त्याचा नव्हता; त्याचा दोष एवढाच की त्याचे पान मोठे होते. इतर खेळांत मोठ्या पानाला मान मिळतो, येथे दंड होतो. अधिकारपदावरील मंडळींना हा नियम प्रथम फार अन्यायाचा वाटतो.

पहिला हात तेवढा या नियमाला अपवाद आहे. त्या हातात कोणी इस्पिक टाकू शकला नाही तरी कोणाला काही उचलावे लागत नाही. सर्वांनी एकेक पान टाकावे आणि ती सारी पाने बाजूला जावीत. ज्याच्या हातातील पाने संपली तो सुटला. सुटणाऱ्याचेच शेवटचे पान मोठे ठरले, तर उतारी त्याच्या पुढच्या भिडूकडे जाते. निदान आमच्या घरी तशी रीत आहे.

नियम एवढेच. ते पाच मिनिटांत समजतात, आणि म्हणूनच हा खेळ केवळ नशिबाचा आहे असा समज पसरला आहे. तो समज खरा नाही. थोडा हिशेब केला तर ते पटेल.

प्रत्येक रंगाची पाने १३. पाच जण खेळत असताना एका रंगाच्या दोन फेऱ्या पुऱ्या झाल्या, की १० पाने गेली, उरली ३. तिसऱ्या फेरीला पाच पाने हवीत, ती अस्तित्वातच नाहीत. म्हणजे पाचही भिडू खेळात असेपर्यंत कोणत्याही रंगाच्या तिसऱ्या फेरीला झब्बू पडणार हे निश्चित. दुसरी फेरी संशयाची असते, कारण त्यासाठी प्रत्येकाला त्या रंगाची निदान दोन पाने आलेली असावी लागतात. पहिली फेरी मात्र बरीच निर्धोक. दहा पानांच्या हातात एखादा रंग मुळीच नसण्याचा संभव शंभरात सुमारे चार एवढाच असतो. चार भिडू असतील तर हाच हिशेब एका फेरीने पुढे सरकतो : तीन फेऱ्यांत १२ पाने गेली, उरले एक, म्हणून चौथी फेरी पुरी होणे अशक्य, आणि तिसरी पुरी होण्यासाठी एकाजवळ चार व बाकीच्या तिघांजवळ तीन-तीन पाने असा एकच योग जुळून यावा लागतो.

यातून खेळाचे पहिले सूत्र निघते : मोठी पाने आरंभी टाकावीत, लहान पाने शेवटासाठी राखावीत. एक्का आणि राजा ही संपत्ती नसून ओझे आहे, आणि ते रंगाच्या पहिल्या फेरीतच उतरवून टाकले पाहिजे. पहिल्या हातात तर कोणाला दंड नसतो. तेथे आपल्याजवळील सर्वांत मोठे इस्पिक टाकावे, आणि इस्पिक नसेल तर कोणत्याही रंगाचा एक्का टाकावा. ही संधी पुन्हा येत नाही. नवखा भिडू येथेच चुकतो. इतर खेळांच्या सवयीने तो एक्का जपून ठेवतो, आणि तो जपलेला एक्काच पुढे त्याच्या गळ्यात पडतो.

दुसरे सूत्र बसण्याच्या जागेचे आहे. हातातील अखेरचे पान आपले असेल आणि आपल्या आधी सर्वांनी रंग पाळलेला असेल, तर आपल्यामागून झब्बू देणारा कोणी उरत नाही. त्या वेळी एक्का खुशाल टाकावा. उलट, आपल्यामागे तिघे-चौघे असतील आणि तो रंग दुसऱ्यांदा फिरत असेल, तर आधी पडलेल्या पानाहून लहान असे पान शोधावे. मोठे पान आपले नसले म्हणजे झब्बू कोणीही देवो, उचलावयाचे दुसऱ्याने.

तिसरे सूत्र असे की एखादा रंग लवकर संपवावा. ज्याच्याजवळ चारही रंग आहेत त्याला प्रत्येक वेळी निमूटपणे रंग पाळावा लागतो. ज्याचा एक रंग संपला त्याच्या हाती झब्बू देण्याची सत्ता येते. झब्बू देताना बहुधा सर्वांत अवजड पान द्यावे. परंतु दुसऱ्या एखाद्या रंगाचे एकच पान उरले असेल तर तेही देणे शहाणपणाचे, कारण मग आपण दोन रंगांतून मोकळे होतो.

चौथे सूत्र स्मरणाचे. झब्बूच्या हाताची पाने खेळाबाहेर जात नाहीत. ती सर्वांच्या डोळ्यांदेखत एकाच्या हातात जातात. ती कोणती आणि कोणाकडे गेली, हे ज्याला आठवते त्याला अर्धा खेळ उघडा दिसतो. ज्याने चौकटची चार पाने उचलली, त्याच्याजवळ चौकट आहे हे ठाऊक असते. ज्याने चौकटवर झब्बू दिला, त्याच्याजवळ ती नाही हेही ठाऊक असते. यावरून एक सापळा ध्यानात येईल. एखाद्या रंगाची सारी उरलेली पाने आपल्याच हातात जमा झाली असतील, तर त्या रंगाची उतारी कधीही करू नये. आपण दुर्री उतरलो तरी तेच पान सर्वांत मोठे ठरते, पुढचा भिडू झब्बू देतो, आणि आपली दुर्री व्याजासह परत येते. असा रंग दुसऱ्यावर झब्बू देण्याच्या कामीच काय तो उपयोगी पडतो.

शेवटचे दोघे उरले, म्हणजे सारा खेळ उतारीच्या एका पानावर येऊन ठेपतो. एक उदाहरण देतो. माझ्याजवळ बदामची तिर्री आणि चौकटचा राजा, प्रतिपक्षाजवळ बदामची राणी आणि किलवरची दुर्री, उतारी माझी. मी घाईने राजा टाकला, तर त्याच्याजवळ चौकट नसल्यामुळे तो राणीचा झब्बू देईल. दोन्ही पाने मला उचलावी लागतील. आता माझ्याजवळ चौकट आणि बदाम आहेत, त्याच्याजवळ फक्त किलवरची दुर्री. मी काहीही उतरलो तरी तो दुर्रीचा झब्बू देऊन सुटेल आणि मी गाढव होईन. परंतु मी प्रथम बदामची तिर्री उतरलो, तर त्याला राणी टाकून रंग पाळावाच लागेल. हात पुरा झाला. राणी मोठी, म्हणून उतारी त्याची. त्याच्याजवळ एकच पान, किलवरची दुर्री. ती त्याने टाकली की मी राजाचा झब्बू देतो आणि सुटतो. पाने तीच, नशीब तेच. क्रम बदलताच गाढव बदलला.

आता त्या हिरव्या ठिपक्यांकडे वळतो.

रंग हातात असूनही ‘नाही’ म्हणून झब्बू देणे, हा या खेळातील एकमेव मोठा गुन्हा. त्याचे पारिपत्य घराघरांतून वेगवेगळे असते. साताऱ्याच्या आमच्या घरी नियम असा होता की खोटा झब्बू उघडकीस आला, तर त्या हाताची सर्व पाने झब्बू देणाऱ्याने स्वतः उचलावयाची. हा नियम घातला होता माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीने. त्यांना वडील अक्का म्हणत आणि आम्ही मुले अक्काआत्या. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. निवृत्तीनंतर घराचा जमाखर्च त्यांच्याकडे होता. आणि झब्बूमध्ये कोणाकडे कोणते पान गेले, हे त्यांना दुसऱ्या दिवशीही सांगता येई. त्या गाढव झाल्याचे कोणाला आठवत नव्हते.

१९९१ च्या मे महिन्यातील गोष्ट. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो, आणि पाने लक्षात ठेवण्याच्या बाबतीत आपण आत्याच्या बरोबरीला आलो आहो, अशी माझी समजूत झाली होती. एका रात्री माझ्या चुलत बहिणीने इस्पिकचा गुलाम टाकला. आत्यांनी ‘इस्पिक नाही’ म्हणून झब्बू दिला आणि बहिणीने पाने उचलली. दोन हातांनंतर आत्यांनीच किलवरच्या उतारीवर इस्पिकची अठ्ठी टाकली. मी ओरडलो, “लबाडी! आत्या, मघाशी इस्पिक नाही म्हणालीस, मग हे कुठून आलं?”

त्यांनी ते पान परत घेतले, डोळ्यांजवळ नेले, लांब धरले, दिव्याकडे तिरपे केले. “किलवर वाटलं रे मला,” एवढेच त्या म्हणाल्या, आणि बहिणीकडून त्या हाताची पाने मागून घेऊन आपल्या पानांत लावू लागल्या. आम्ही मुले हसलो. वडील हसले नाहीत.

त्या आठवड्यात हाच प्रकार आणखी दोनदा घडला. दोन्ही वेळा घोटाळा काळ्या रंगांचाच, इस्पिक आणि किलवर यांचा. तिसऱ्या खेपेस वडील म्हणाले, “अक्का, तुझ्याकडून असं झालं तर ते धरायचं नाही, असं ठरवू या.” आत्यांनी हातातली पाने खाली ठेवली. “मग मी खेळतेय असं म्हणू नका. नुसती बसलेय असं म्हणा,” त्या म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

मुले झोपल्यावर त्यांनी वडिलांना सारे सांगितले, ते मला पुष्कळ वर्षांनी कळले. दोन महिन्यांपासून त्यांना वर्तमानपत्र वाचता येत नव्हते. दुधाचा हिशेब अंदाजाने मांडीत होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि त्यांनी तो लपविला होता. कारण तो कळताच जमाखर्चाची वही आपल्याकडून काढून घेतली जाईल, आणि तीही मायेने काढून घेतली जाईल, ही त्यांची भीती होती. रागाने घेतलेली वस्तू परत मागता येते. मायेने घेतलेली मागता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडिलांनी हिरव्या शाईची दौत घेऊन किलवरच्या तेराही पानांवर मोठाले ठिपके दिले. दिवा बदलून अधिक प्रकाशाचा लावला. जमाखर्चासाठी रुंद ओळींची वही आणि जाड टाकाचे पेन आणले. वही आत्यांकडेच राहिली आणि झब्बूचा नियमही होता तसाच राहिला. त्यानंतर आत्यांनी खोटा झब्बू दिला नाही. दिवाळीनंतर त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, पुढच्या वर्षी दुसऱ्याची; मग ठिपक्यांची गरज उरली नाही, पण कॅट तोच राहिला.

मला त्यांनी रागावून काही म्हटले नाही. एकदा पाने पिसता पिसता त्या म्हणाल्या, “पान तू बरोबर धरलंस. पण आधी पान बघायला मागावं, मग शब्द काढावा.” तेव्हापासून आमच्या घरी ‘लबाडी’ हा शब्द खेळात वर्ज्य आहे. संशय आला तर ‘पान दाखवा’ एवढेच म्हणावयाचे.

नोकरीत माझ्या टेबलावर सवलतींचे अर्ज नेहमी येतात. अमक्याला नियमातून वगळावे, तमक्याची चूक माफ करावी, अशी शिफारस त्यांवर असते. काही ठिकाणी ती योग्यही असते. परंतु सही करण्यापूर्वी मी इतके पाहतो, की या माणसाला नियमातून वगळण्याची खरोखर गरज आहे, की नियम पाळता येईल एवढा प्रकाश त्याच्या टेबलावर पाडणे पुरेसे आहे. पहिले काम एका सहीचे असते. दुसऱ्याला तेरा पानांवर तेरा ठिपके द्यावे लागतात, म्हणून ते बहुधा राहून जाते.

ही सारी हकीकत त्या पंजाबी मुलीला मी थोडक्यात सांगितली. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आपल्या आजोबांचा हात धरून आली. ते कित्येक महिन्यांत पत्त्यांना बसले नव्हते. तिने त्यांना मध्ये बसविले, किलवरची पाने उलगडून दाखविली आणि दिव्याखालची जागा दिली. पाच जणांचा डाव झाला. आजोबांनी पहिल्याच हातात इस्पिकचा राजा काढून टाकला, तेव्हाच हा जुना खेळाडू आहे हे मी ओळखावयास हवे होते. मी बदामचा एक्का जपून ठेवला होता. त्या डावाचा गाढव मीच झालो, आणि पुढच्या डावाची पाने पिसावयास घेतली.